गुरं-लेकरं सुखरूप

काश्का-तोर
४ फेब्रुवारी १९९७

ती. मामांस आणि मामीस बुरमाकानचा स. न. वि. वि.

गुरं-लेकरं सुखरूप ना? इकडे मी आणि आयझादा सुखरूप आहोत.

ही ओळ दरवेळी लिहिते तशी आजही लिहून गेले. आता खरं लिहिते. मामा, आमचा मोज्यांचा कारखाना बंद पडून चौदा महिने झाले. मागच्या तीन पत्रांत मी कळवलं होतं, की नवी यंत्रं आलीत, काम फार आहे, म्हणून यायला जमत नाही. नवी काही आलेली नाहीत. जुनी होती तीही थंड पडलीत. आम्हा दोनशे जणींना आधी बिनपगारी रजेवर बसवलं, मग शेवटच्या पगाराऐवजी मोजे दिले. पुरुषांचे, करडे, सगळे एकाच मापाचे. घरात पोती भरून आहेत. आयझादा म्हणते, आई, आपल्याला शंभर पाय असते तर आपण किती श्रीमंत असतो.

गेल्या महिन्यात माझ्या नोकरीच्या वहीवर एकदाचा सुटकेचा शिक्का बसला. त्यामुळे आता रोजगार कचेरीत बेकार म्हणून नाव घालता येतं. नाव लागलं तर सहा महिने भत्ता मिळतो. फार नाही, पण कोळसा आणि पीठ निघेल. मला वीस तारखेला मुलाखतीला बोलावलंय.

नाव लागलं नाही तर काय, तेही सांगून टाकते. शेजारीण सैबेरियात नोवोसिबिर्स्कच्या बाजारात माल विकायला जाते, ती माझ्यासाठी जागा धरतेय. बस एक एप्रिलला सुटते. आयझादाची शाळा अजून सव्वा वर्ष आहे. तिला मग इथे शेजारणीच्या म्हाताऱ्या आईपाशी ठेवावं लागेल. परवा मी पाहिलं तर आयझादा एकटीपुरता भात किती लागतो ते वाटीनं मोजत होती.

मामा, आपल्या वेळी बेकार ही शिवी होती. काम का करत नाही म्हणून पोलीस घरी विचारायला यायचे. आता त्याच शब्दाचा शिक्का मिळावा म्हणून मी रांगेत उभी राहणार आहे. तिथे कसं बसायचं, काय बोलायचं, मला काही सुचत नाही. अख्ख्या गावाचे अर्ज तुम्ही लिहिलेत, साहेबलोकांशी तुम्ही बोललात. मला शिकवा.

खोटं लिहिलं त्याबद्दल रागवा, पण पत्राने रागवा, गप्प राहून नको.

तुमच्या मायेची भुकेली,
बुरमाकान

*

तेरेक-सू
१२ फेब्रुवारी १९९७

चि. बुरमाकानला अनेक आशीर्वाद. आयझादाला गालाचा पापा.

गुरं-लेकरं सुखरूप ना? इकडे सगळं सुखरूप. कुरणावर गुडघाभर बर्फ आहे, मामीचे गुडघे आहेत तिथेच आहेत, आणि तुझी मोजेवाली घोडी गाभण आहे. तिचा तो एक पांढरा पाय बर्फात दिसतच नाही बघ, तीन पायांवर चालल्यासारखी वाटते.

पत्र वाचून मामी रडली आणि मी रागावलो. मग मामी रागावली आणि मी रडलो. असं करत संध्याकाळ गेली. पोरी, आपलं घराणंच असं, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. तुझी आई, माझी बात्मा, दात दुखून गाल भोपळ्याएवढा झाला तरी म्हणायची, काही नाही, वारा लागलाय. तिची लेक तू, दुसरं काय करणार?

आता कामाचं ऐक. मी शाळेत गेलो तो भिंती लिंपायला. अक्षर ओळखायला लागलो ते मिठाच्या पोत्यांवरची नावं वाचून, तेही मेंढ्या राखता राखता, बाविसाव्या वर्षी. पण आयुष्यात मी सतरा कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो आणि कुठूनही माझा कागद परत आला नाही. का? कारण मी आत शिरताच तोंड उघडून मागत नाही. मागणाऱ्याचं तोंड साहेबाला सकाळपासून पाहून पाहून कंटाळा आलेला असतो. आधी त्याला माणूस कर. सलाम कर. कुठल्या खोऱ्यातले, कुणाचे, वडीलधारे कसे आहेत, विचार. तो तुला विचारेल. त्यानं विचारलं की तुटक उत्तर देऊ नकोस. चांगल्या घरची बाई बोलते तसं भरभरून सांग. मग तोच म्हणेल, बोला, काय काम काढलंत.

आईची ती निळी शाल घाल. बूट पुसून घाल. रडू नकोस, रडणाऱ्याला लोक पाणी देतात, कागद देत नाहीत. नोकरीची वही कापडात गुंडाळून ने आणि टेबलावर ठेवताना दोन्ही हातांनी ठेव. तेवीस वर्षांची नोकरी आहे तुझी, काही चोरून आणलेली नाही.

मामी म्हणते, साहेबासाठी पिठाचे बोरसोक तळून ने. मी म्हटलं, अगं, ती मुलाखतीला चाललीय, लग्नाला नाही. तर म्हणते, तुमच्या सतरा कचेऱ्यांत माझेच बोरसोक चालले, तुमचं भाषण नव्हे. तेव्हा दोन्ही कर.

आणि त्या सैबेरियाच्या बसचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. पोरीला एकटीपुरता भात मोजायला लावणारी बस म्हणजे बस नव्हे.

लोभ आहेच. तो मिळवायला रांग लागत नाही, शिक्काही नाही.

तुझा मामा,
जुमादिल

*

काश्का-तोर
२२ फेब्रुवारी १९९७

ती. मामांस स. न. वि. वि.

गुरं-लेकरं सुखरूप ना? आज ही ओळ लिहिताना हात अडखळला. का ते वाचलंत की कळेल.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. निळी शाल, पुसलेले बूट, कापडात वही. बाहेरच्या बाकावर आमच्याच खात्यातल्या अकराजणी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एकीनं मोज्याच्या टाचा शिवण्यात बक्षीस मिळवलं होतं, ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी बोरसोक वाटले तेव्हा कुठे जरा जीभ सुटली. एकजण म्हणाली, बुरमाकान, आपण बेकार व्हायला आलोय की मेजवानीला?

आत एसेनालियेव म्हणून साहेब आहेत. पन्नाशीचे, सभ्य, कोटाची उसवलेली बाही टाके घालून शिवलेली. मी सलाम केला, खोरं विचारलं, त्यांचे वडील विचारले. त्यांनी चष्मा काढला. तेरेक-सू म्हटल्यावर म्हणाले, तिथलं पाणी गोड. तुमची शिकवण अगदी लागू पडत होती, मामा. मग त्यांनी चष्मा लावला, कागद ओढला आणि तशाच गोड आवाजात विचारलं, गुरं-लेकरं?

मी काय म्हणणार? जन्मापासून जे म्हणत आले तेच म्हणाले. सुखरूप, खुदाची कृपा, सगळी सुखरूप. आणि तुम्ही म्हणाला होता ना, तुटक उत्तर देऊ नकोस, म्हणून पुढे म्हणाले, घोडी गाभण आहे, वसंतात शिंगरू येईल.

त्यांनी ते लिहून घेतलं.

कागदावर सातवा रकाना होता, गुरं किती. आठवा, मुलं किती. ते रकाने भरत होते, मी ख्यालीखुशाली सांगत होते. मग त्यांनी टाक ठेवला आणि फार वाईट वाटल्यासारखं म्हणाले, बाई, ज्याची गावात गुरं आहेत तो पशुपालक. पशुपालक बेकार नसतो. मी म्हटलं, साहेब, ते तर नमस्काराचं बोलणं होतं, तुम्हीही आपल्यातलेच आहात. ते म्हणाले, आहे की, पण ताई, कागदावर ख्यालीखुशालीचा रकाना नसतो.

तरी माणूस वाईट नाही. त्यांनी कागद बाजूला ठेवलाय, फाडलेला नाही. पंचवीस मार्चला पुन्हा बोलावलंय. तोवर गावच्या ग्रामकचेरीतून दाखला आणायचा, की माझ्या नावावर एकही जनावर नाही. दाखला आला तर सातव्या रकान्यावर काट मारून नाव लावतील. नाही आला तर माझी फाइल बंद. वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही.

तेव्हा मामा, ग्रामकचेरीतल्या वहीत माझ्या नावावर घोडी लिहिलेली आहे का, ते बघा. असेल तर काढून टाका. कशी काढायची ते तुम्ही ठरवा, मी काही विचारणार नाही. दाखला तेवढा पाठवा.

कृपादृष्टी असावी,
बुरमाकान

*

तेरेक-सू
२ मार्च १९९७

चि. बुरमाकानला अनेक आशीर्वाद.

सगळं सुखरूप. बर्फ वितळायला लागलंय. ओढ्यावरचा पूल यंदाही निम्मा गेला, निम्मा उरलाय. निम्म्या पुलाचा उपयोग काय ते मला अजून कळलं नाही, पण पोरं त्याच्यावर बसून पाय हलवतात. मामीनं नवरोजच्या सणाला सुमोलोकची खीर करायची म्हणून गहू भिजत घालायला काढलाय. यंदा तिचे गहू चांगले उगवतील असं ती म्हणते. दरवर्षी म्हणते.

तुझा तो साहेब म्हणजे आंधळं दळतंय अशातला प्रकार दिसतो. नमस्काराला कुणी रकान्यात कोंबतं का? तू परत जा आणि त्याला ठणकावून सांग, की नमस्कार हा नमस्कार असतो. हवं तर मी अर्ज लिहून देतो, वरच्या साहेबांना. माझ्या अर्जाला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

वहीचं म्हणशील तर, ग्रामकचेरीची वही सांभाळणारी कालिचा सध्या आजारी आहे. म्हणजे तशी बरी आहे, पण सर्दी आहे. बघतो. घाई करू नकोस, घाईत घातलेला टाका उसवतो.

मोजेवाली बरी आहे.

मामी आयझादाला आठवण कळवते. लोभ असू दे.

जुमादिल

*

काश्का-तोर
९ मार्च १९९७

ती. मामांस स. न. वि. वि.

सर्दी आठवड्यात जाते, मामा.

मला वरच्या साहेबाला अर्ज नको. मला दाखला हवाय. आज नऊ तारीख. टपालाला सात-आठ दिवस लागतात, तुम्हाला माहीत आहे. शेजारीण काल येऊन म्हणाली, जागेचं नक्की सांग, पाच बायका वाट बघतायत. मी म्हटलं, पंचवीसपर्यंत थांब. ती म्हणाली, तू आणि तुझी पंचवीस, तोवर माझ्या डोक्यावर बसतील सगळ्या. मी तिला तीन पोती मोजे दिले आणि थांबवलंय.

दिवसभर घरात बसवत नाही. बाजारात मोजे विकायला बसावं तर कचेरीतलं कुणी बघेल आणि लिहील, व्यापार करते. गावाला यावं तर लिहितील, शेतकरी झाली. बसून राहावं तर चूल विझते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण मामा, मधे उभं राहायला जागा तरी असते. मी त्या कठड्यावर एका पायावर उभी आहे. आयझादा शाळेतून येते आणि दारातच विचारते, पत्र? मी नाही म्हणते. मग ती आपली वही उघडते आणि पान उलटत नाही.

मी तुमच्याकडे घोडी मागत नाही. पाच वर्षांत घोडीबद्दल मी एकही प्रश्न केलेला नाही, तुमच्या लक्षात आलंय का? आताही करत नाही. फक्त वहीतून काढा.

बुरमाकान

*

तेरेक-सू
१६ मार्च १९९७

चि. बुरमाकानला आशीर्वाद.

आज मी गुरं-लेकरं सुखरूप असं लिहिणार नाही. दाखला सोबत आहे. तो आधी बघून घे, सही आणि शिक्का दोन्ही आहेत. पत्र टपालात टाकलेलं नाही. बसच्या चालकाला मामीचं लोकरी बनियन दिलंय आणि शपथ घातलीय. बघून झालं असेल तर आता खाली बसून वाच.

पोरी, मोजेवाली नाही. ब्याण्णवच्या शरदात गेली. गेली म्हणजे मी कापली. तुझ्या आईच्या वर्षाच्या जेवणाला.

तू त्या दिवशी सकाळच्या बसने यायची होतीस आणि माझ्याकडे जेवणाला कापायचं घोडं नव्हतं. सामुदायिक कळपाची वाटणी झाली त्यात मला म्हाताऱ्या मेंढ्या आल्या. बात्माचं वर्ष, आणि घोडं पडलं नाही, असं गाव म्हणालं असतं. माझ्या बहिणीनं उभ्या जन्मात माझ्याकडे एक सुई मागितली नाही, तिला मी मेंढीवर पाठवणार होतो का? अंगणात एकच घोडी होती, तुझी. तू आयझादाला पहिल्यांदा घेऊन आजोळी आलीस तेव्हा तुला दिलेली. भाचीला दिलेलं मामानं परत घ्यायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तू आल्यावर विचारू, म्हणत राहिलो. बस उशिरा आली. पाहुणे आधी आले.

नंतर सांगेन म्हटलं. मग तू पत्रात लिहिलंस, काम फार आहे, यायला जमत नाही. म्हटलं, पोर दमलीय, आता कशाला. एकदा घोडी बरी आहे असं लिहिलं, आणि पुढच्या पत्रात ती मारायची कशी? मग ती चरायला लागली, लंगडायला लागली, बरी झाली, यंदा गाभणसुद्धा राहिली. मामी म्हणायची, अहो, जिवंत होती तेव्हा तिचं एवढं केलं नव्हतंत.

पण खरी गोम वहीत होती. ती ऐक, मग मला काय म्हणायचं ते म्हण. ग्रामकचेरीच्या वहीत आपल्या घराची दोन पानं आहेत. एक माणसांचं, एक गुरांचं. माणसांच्या पानावर तुझं नाव नाही, तू सतराव्या वर्षी शहरात गेलीस तेव्हाच कटलं. बात्मा होती तोवर तुझं माहेर होतं. ती गेल्यावर या गावात तुझं नाव उरलं ते फक्त गुरांच्या पानावर, घोडी एक, बुरमाकानची. त्या घोडीच्या शेपटीला धरून तू वहीत होतीस, पोरी. शेपटी सोडली की तेरेक-सू या गावात बुरमाकान नावाची बाई नाही. उद्या तुला परत यावंसं वाटलं तर दारात उभं राहून काय सांगशील? म्हणून दर जानेवारीला कालिचा मोजणीला यायची, दारातच चहा प्यायची, विचारायची, घोडी? मी म्हणायचो, आहे. आणि सही करायचो. पाच सह्या.

परवा तिच्याकडे गेलो. सर्दी वगैरे काही नव्हती तिला, ते मी बनवलं होतं. सगळं सांगितलं. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, जुमादिल-आके, म्हणजे माझा पाच वर्षांचा चहा तुम्ही मेलेल्या घोडीवर पाजलात? मी म्हटलं, हो. म्हणाली, मग लिहून द्या, की मी खोटी माहिती दिली. माझी अक्षरं तुला माहीत आहेत. मिठाच्या पोत्यांवरून शिकलो म्हणून प्रत्येक अक्षर पोत्यावर छापल्यासारखं ठसठशीत येतं. मी, जुमादिल, खोटे सांगितले. एवढंच लिहायला अर्धा तास लागला. सतरा कचेऱ्यांत इतका अवघड कागद लिहिला नव्हता.

मग तिनं पट्टी लावून घोडीवर रेघ मारली. घोडीबरोबर तुझ्या नावावरही रेघ गेली, एकाच ओळीत होतं ना.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. पंचवीस तारीख मात्र चुकवू नकोस.

तुझा,
जुमादिल

*

काश्का-तोर
२७ मार्च १९९७

ती. मामांस स. न. वि. वि.

चालकानं शपथ पाळली. दाखला एकवीस तारखेला, नवरोजच्या दिवशीच हातात पडला. बनियन अंगात घालूनच तो आला होता.

मामा, मला माहीत होतं.

त्या दिवशी बस उशिरा आली, पाहुणे जेवायला बसले होते. मी मामीला मदत करायला मागच्या चुलीपाशी गेले. तिथे राखेच्या बाजूला कापलेले पाय टाकलेले होते. त्यातला एक पांढरा होता. मी त्याच्यावर राख लोटली, म्हणजे मी पाहिलं हे तुम्हाला दिसू नये. मग आत येऊन जेवले. आईच्या नावानं वाढलेलं होतं, चांगलं होतं. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, आणि माझ्या हाताने दोरी धरली असती. विचारलं नाहीत याचंच काय ते वाईट वाटलं, तेही आता नाही.

मग तुमच्या पत्रांत ती चरू लागली. पहिल्यांदा मी रागावले. दुसऱ्यांदा हसले. पुढे पुढे पत्र आलं की आयझादा आधी विचारायची, मोजेवालीचं काय लिहिलंय? आणि कारखाना बंद पडला तेव्हा मीही तुम्हाला नवी यंत्रं पाठवायला लागले. तुम्ही मला घोडी पाठवायचात, मी तुम्हाला यंत्रं. दोघंही सुखरूप.

तरी साहेबापुढे ते शिंगरू माझ्या तोंडून का निघालं, हे मी रोज स्वतःला विचारत होते. सवयीनं, असं तुम्हाला सांगितलं ते अर्धंच होतं. तिथे मी मागायला बसले होते, मामा. शाल आईची, बूट उसने, वहीवर सुटकेचा शिक्का. तेवढ्यात समोरच्यानं चांगल्या आवाजात विचारलं, गुरं-लेकरं? त्या एका क्षणी मला काहीतरी असलेली बाई व्हायचं होतं.

परवा गेले. एसेनालियेव साहेबांनी दाखला वाचला. दोनदा वाचला. म्हणाले, यात तर ब्याण्णवपासून घोडी नाही असं लिहिलंय, मग गाभण आहे म्हणालात ती कुठली? मी म्हटलं, साहेब, ती पत्रातली. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडतील. ते खिडकीकडे बघत म्हणाले, माझा भाऊ मला दर महिन्याला लिहितो, की आमच्या घरावर नवं छत घातलंय. मग सातव्या रकान्यावर काट मारली, शून्य लिहिलं, आणि शिक्का मारला.

मी बेकार झाले. शिक्का निळा आहे.

दर दुसऱ्या गुरुवारी सही करायला हजर राहायचं. एक गुरुवार चुकला तर नाव गेलं. शहर सोडून जायचं नाही. जे काम देतील ते नाकारायचं नाही. पहिलं काम कारखान्यातच निघालंय. आमचीच यंत्रं सोडवून भंगाराच्या गाडीत भरायची. बाराजणी आहोत. टाचांचं बक्षीस मिळालेली आमची मुकादम. काल ती म्हणाली, बायांनो, हळू काढा, सहा महिने पुरायला हवीत.

शेजारणीची बस एक तारखेला जाईल. मी नाही. आयझादानं दोघींचा भात घातला आणि मोजला नाही.

उठताना साहेब सवयीनं म्हणाले, गुरं-लेकरं सुखरूप राहोत. आणि त्यांनी लगेच जीभ चावली. मी म्हटलं, लेकरं.

एकच सलतंय. त्या वहीत आता मी नाही. मी इथे निळ्या शिक्क्यानं बांधलेली आणि तिथे रेघेखाली. तुम्ही अर्धा तास लावून जे लिहिलंत ते माझ्यासाठी लिहिलंत, हे मला कळतं. पण संध्याकाळी वाटतं, कुणी विचारलं की तू कुठली, तर काय सांगू?

मामीला सांगा, तिचे बोरसोक दोन्ही वेळा चालले. तुमचं भाषण एकदाच.

तुमची,
बुरमाकान

*

तेरेक-सू
६ एप्रिल १९९७

चि. बुरमाकानला आणि चि. आयझादाला अनेक, अनेक आशीर्वाद.

लेकरं सुखरूप ना? गुरांचं म्हणशील तर म्हाताऱ्या मेंढ्या चार, त्यातली एक बहिरी. याहून जास्त यापुढे माझ्या पत्रात कधी चरणार नाही.

राख लोटलीस हे वाचून मी बाहेर जाऊन बसलो. मामी म्हणाली, बघा, पाच वर्षं दोघं एकमेकांपासून तीच एक घोडी लपवत होतात, आणि मी वेडी दोघांनाही लगाम देत होते. म्हणजे तिलाही ठाऊक होतं, की तुला ठाऊक आहे. या घरात आंधळा असा मी एकटाच निघालो. असो. सुंभ जळला, आता पीळ कशाला?

पत्र खिशात घालून मी तडक कालिचाकडे गेलो. म्हटलं, गुरांच्या पानावरून माझी भाची काढलीस, आता माणसांच्या पानावर घाल. ती म्हणाली, आके, डोकं ठिकाणावर आहे ना? इथल्या घरात तिचं नाव लागलं की जमिनीचा वाटा लागतो, आणि वाटा लागला की तिकडचा साहेब म्हणेल शेतकरी, आणि भत्ता बंद. मी म्हटलं, म्हणजे तिनं कुठलंच नसायचं? ती म्हणाली, सहा महिने कुठलंच नसायचं, तोच तर त्या कागदाचा अर्थ आहे. बघ पोरी, सरकार पोटाला देतं ते असं, आधी माणसाला सगळीकडून सोडवून घेतं.

मी उठलो नाही. तिनं चहा केला. या खेपेला तिनं पाजला. मी बसूनच राहिलो. तिला जेवायला जायचं होतं. शेवटी म्हणाली, तुमच्या बहिणीनं माझ्या बाळंतपणात मला सात दिवस रवा करून घातला होता, म्हणून करतेय. तिनं दार लावलं, माणसांचं पान काढलं, माझं नाव, मामीचं नाव, त्याच्या खाली. शाईचा टाक नाही उचलला. पेन्सिल घेतली. बुरमाकान, भाची, सध्या बाहेरगावी. त्याखाली आयझादा, तिची लेक. अगदी फिकट. उजेडाकडे पान धरलं तरच दिसतं, पण दिसतं. म्हणाली, भत्ता संपला की शाईनं करीन, तोवर कुणी तपासणीला आलं तर मला खोडावं लागेल.

मी बरं म्हटलं आणि निघालो. तेव्हा, कुणी विचारलं तू कुठली, तर सांग, तेरेक-सूची, पेन्सिलीची.

दर दुसऱ्या गुरुवारी सही करत राहा. यंत्रं हळू काढा.

आणि हे मामीला सांगू नकोस. कालिचाच्या टेबलावर खोडरबराचा एकच तुकडा होता. तो येताना मी खिशात घालून आणलाय.

तुम्हा दोघींचा,
जुमादिल मामा